सतराचा पाना

आमच्याकडं गोठा आणि गाडी एकाच अंगाला. मधी तुराट्यांचा कूड. कुडाच्या एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला नानांचा ट्रक. नाना म्हणजे माझे वडील. गाडी जुनीच घेतलेली, पुढं लांब नाक काढलेली, डाव्या दिव्यावरचा पत्रा चेपलेला. त्यामुळं ती कायम कुणावर तरी डोळे वटारून उभी असल्यासारखी दिसायची. सकाळी माय म्हशीखाली चरवी घेऊन बसायची, धार वाजायला लागायची आणि नेमके तेव्हाच नाना सेल्फ मारायचे. सेल्फ म्हणजे बटण दाबलं की इंजिनाला फिरवणारी मोटर. घर्र, घर्र, घर्र, मग दोन खोकले, मग गाडी पेटायची. म्हैस रोज दचकायची आणि पाय उचलायची. इतकं रोज ऐकून तिला सवय झाली नाही. माय रोज शिव्या द्यायची, म्हशीला थोड्या आणि नानांना बाकीच्या. आमच्या घरात दिवस असा उजाडायचा.

गाव सोनगीरच्या अलीकडं, आग्रा रोडपासून आत. रोड दिसायचा नाही, पण ऐकू यायचा. नाना जेवताना घास हातात धरून थांबायचे आणि सांगायचे, ही भरलेली गेली, ही रिकामी, हिच्या एका नोझलमधी खोट आहे. माय म्हणायची, भाकर खा, रोड काय पळून जात नाही. भाकर कळण्याची, जोंधळा आणि उडीद एकत्र दळलेला, वर ठेचा आणि कच्चं तेल. आज माझे दात गेले तरी मला तीच लागते. कुस्करून खाते.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेले. पुढं गेले नाही, कारण नानांकडं क्लीनर टिकत नव्हता. नानांची जीभ भलती तिखट. पोरं यायची, आठवडाभर शिव्या खायची आणि रोडवरच्या दुसऱ्या गाडीवर चढून निघून जायची. नानांना मुलगा नव्हता, मी एकटीच. एक दिवस त्यांनी मला काखेत धरून वर उचललं, सीटवर ठेवलं आणि म्हणाले, "बस. तू कोठे पळशी?" पळाले नाही मी. मला तिथं बसायला आवडायचं. सीटखाली गरम इंजिनाचा वास, समोर काचेवर किडे, बाजूला नाना पानाची पिंक टाकायला मान बाहेर काढणार. सावदा, रावेरकडं केळी भरायला जायचो. तिकडच्या बाया आमच्या अहिराणीला हसायच्या, 'आहे'ला आम्ही 'शे' म्हणतो म्हणून. "पोरगी क्लीनर हाय काय तुमची?" विचारायच्या. नाना म्हणायचे, "क्लीनर कशानी, मालकीन शे." मग त्या मला केळीच्या पानावर वरणबट्टी वाढायच्या आणि मी मालकिणीसारखी मांडी घालून खायची.

माझं पहिलं काम धूर सांगायचं. नाना आत सेल्फ मारणार आणि मी मागं सायलेंसरपाशी उभी राहून ओरडणार. काळा! पांढरा! त्यावरून नानांना कळायचं की पोटात काय चाललंय. काळा म्हणजे डिझेल जास्त. पांढरा म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही, गाडी गारठलीय, अजून फिरव. एकदा मी गप्प उभी राहिले. नाना आतून ओरडले, "मुकी व्हयनी का?" मी म्हटलं, "काहीच येत नही." ते खाली उतरले, माझा कान धरला आणि म्हणाले, काहीच नाही येत, हे सगळ्यात मोठं सांगायचं असतं. धूरच नाही म्हणजे डिझेल पोटात जातच नाही. मग सेल्फ मारून बॅटरी मारू नको. टाकीपासून हात लावत लावत पुढं ये, कुठं अडलं ते बघ. त्या दिवशी डिझेलच्या नळीत हवा धरली होती. पंपाशी हातानं दाबायचा एक छोटा दट्ट्या असतो, तो माझ्या हातानं दाबून घेतला. आधी फेस आला, मग साफ डिझेल आलं. एवढी थोरली गाडी, तिचं दूध काढल्यासारखं वाटलं मला.

स्टॉपरही मीच ओढायची. जुन्या गाडीत चावीनं इंजिन बंद होत नाही. स्टिअरिंगच्या खाली एक बोंडी असते, ती बाहेर ओढली की तिची तार पंपावरची एक बारकी दांडी मागं खेचते, पंपाचं तोंड बंद होतं आणि इंजिन मरतं. परत चालू करायची तर बोंडी आत लोटायची. एवढंच. माझी नात नरडाण्याला एका कंपनीत कामाला जाते. तिथल्या गाड्यांना म्हणे वायर जोडतात आणि पडद्यावर दुखणं लिहून येतं. येत असेल. तेव्हा पडदा म्हणजे मी होते.

मग नाना पडले. कपाशीचा माल भरल्यावर वरून ताडपत्री आवळत होते, दोर तुटला आणि ते हौद्यावरून उताणे खाली आले. मांडीचं हाड मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यात किती दिवस राहिले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आले तेव्हा बाजेवर आले आणि निंबाखाली ती बाज ठेवली ती तिथंच राहिली. तिथून त्यांना गाडी दिसायची. गाडी दगाकाकाच्या हातात गेली. दगाकाका नानांचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नव्हता, पण त्याला गाडी आवडत नव्हती. ट्रकच्या नादात त्याची कंबर दुखायची, त्याला नरडाण्याच्या स्टेशनावर चहाचं दुकान टाकायचं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं, "तू घरमा बस. गाडीवर बाई माणूस नको." मी चौदा वर्षांची होते आणि बाई माणूस झाले होते हे मला त्या दिवशी कळलं.

काकाला गाडी भंगारात द्यायची होती. धुळ्याचा एक भंगारवाला सारखा फेऱ्या मारायचा, चाकांना लाथ मारून बघायचा. नाना ऐकत नव्हते. शेवटी गणपतीत गावातल्या चार माणसांसमोर काका त्यांच्या बाजेपाशी बसला. "नाना, तुम्हीच सांगा. हाई गाडी कितला दिन धरी बसानं?" नाना चिडले आणि बोलून गेले, "जोवर सेल्फवर पेटस, तोवर ती भंगार नही. ज्या दिन पेटाव नही, त्या दिन ली जाय." काकानं तो शब्द धरून ठेवला. बाजेवर पडलेल्या माणसाकडं शब्दाशिवाय काय असतं? तो गेला की सगळं गेलं. म्हणून त्या दसऱ्याला गाडी पेटली नाही, तेव्हा नुसती गाडी अडली नव्हती.

दसऱ्याला आमच्याकडं गाडीची पूजा असते आणि अवजारांची पण. कोयता, विळा, वखराची पास, नानांचे सगळे पाने, हे धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. आणि एकदा पूजेत मांडलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी लोखंडाला सुट्टी. कुणाच्या शेतात विळा चालत नाही, रोडवरच्या गॅरेजात पाना उचलत नाहीत. ही रीत सगळे पाळतात, आम्हीही पाळायचो.

पहाटे काकानं गाडी चालू करून विहिरीवर नेली. मी ती धुतली. काका नको म्हणाला नाही, थंडीत पाण्यात कोण हात घालणार? टायरमधली माती काठीनं काढली, काच कागदानं पुसली. काकानं गाडी आणून अंगणात लावली, स्टॉपर ओढला, इंजिन बंद झालं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी बाहेरची झालेय. तेव्हा असं होतं. बाईला पाळी आली की ती बाहेर. घरात शिरायचं नाही, चुलीला, पाण्याला, देवाला शिवायचं नाही. काकूनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि गोठ्याकडं बोट केलं. मी कुडापाशी गोणपाटावर जाऊन बसले. माझा तांब्या वेगळा, ताट वेगळं. जेवण वरून टाकणार. समोर गाडीची पाठ, माझ्या तोंडासमोर सायलेंसर. मला त्या जागेचा राग यायचा. पण त्या दिवशी त्या जागेवरून जे दिसलं ते अंगणातल्या कुणालाच दिसलं नाही.

माय चुलीवर खापर घालून मांडे करत होती. पुरणाचा मांडा हातावर फिरवत फिरवत मोठा करायचा, पार कोपरापर्यंत येतो, आणि उपड्या खापरावर टाकायचा. तुपाचा वास अंगणभर. काका पूजा करत होता. त्याला धागा बांधायची मोठी हौस. लाल नाड्याचं अख्खं बंडल आणलेलं. स्टिअरिंगला गुंडाळला, गिअरच्या दांडीला गुंडाळला, आरशाला, बंपरला. बोनेट उघडून आत वाकला, इंजिनाला कुंकू लावलं, तिथंही धागा गुंडाळला, हार टाकला. काकू म्हणाली, "पंपले पन बांधा, गाडीना जीव तठेच शे." काकानं तिथंही बांधला. स्टिअरिंगखाली एवढी फुलं लटकवली की पाय कुठं ठेवायचा कळेना. नारळ फुटला, शेजारचे लोक जमले, नाना बाजेवरून हात जोडून बघत होते. मग काका वर चढला. दसऱ्याला पूजा झाली की गाडी एकदा पेटवून गावाला गरका मारायचा असतो.

घर्र, घर्र, घर्र. म्हशीनं पाय उचलला. गाडी पेटली नाही.

परत मारला. सेल्फ जोरात फिरत होता, बॅटरीत दम होता, पण खोकलासुद्धा नाही. नाना बाजेवरून ओरडले, "स्टॉपर आत लोटेल शे का?" "लोटेल शे ना!" काका चिडून म्हणाला. "टाकीमा डिझेल?" "भरेल शे!" परत घर्र घर्र. लोक हसायला लागले. कुणी म्हणालं, हिला पण सुट्टी पाहिजे आज. काका घामाघूम झाला, सायकल काढली आणि रोडवरच्या मिस्त्रीकडं गेला. परत आला तो एकटाच. मिस्त्री म्हणाला होता, पाने पूजेत मांडलेत, उद्या सकाळी येतो.

उद्या सकाळी चाललं असतं. पण भंगारवाला त्याच दिवशी आमच्या गावात होता. कुणाच्या तरी विहिरीवरचं जुनं इंजिन उचलायला आला होता, त्याच्या गाडीला साखळी होती आणि त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो आला, पानाचा तोबरा भरलेला, पूजेला लांबून हात जोडले आणि काकाला म्हणाला, "काय मग, पेटत नाही म्हणता?" काका नानांकडं बघत नव्हता. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "नाना, तुम्हीच बोलेल शेतस. बठ्ठा गाव साक्षीले शे." नानांनी बाजेची कड धरली, उठायला बघितलं आणि परत पडले. मला ते बघवलं नाही.

काकूला तोवर कारण सापडलं होतं. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "गाडीले हात कोन लावा व्हता पहाटे?"

मी कुडापाशी बसल्या जागेवरून म्हटलं, "मी लावा व्हता. मीच धुयी."

"मंग! बाटी गयी गाडी. आते कसानी पेटस ती? पोरले कितलांदा सांगं, गाडीवर नको, गाडीवर नको..."

बायांनी पदर तोंडाला लावले. गाडी न पेटायचं कारण मिळालं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. भंगारवाल्यानंही मान हलवली. मी उठून उभी राहिले. मी म्हटलं, "गाडी बाटनी नही. गाडीले धूर नही शे."

"काय बोलस हाई?"

"मी काकूसंगे बोलत नही. नानासंगे बोलस. नाना, धूर नही शे. ना काया, ना पांढरा. बिलकुल नही."

नानांनी मान वळवली. पडल्यापासून इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. "बिलकुल नही?"

"बिलकुल नही."

"मंग डिझेल पोटमा जात नही," नाना म्हणाले. "दगा, बॅटरी मारू नको."

"टाकी भरेल शे ना नाना!" काका ओरडला. "आते काय करशी? पाना पूजामा शेतस. कोन उचली?"

मी चालायला लागले. बाया बाजूला झाल्या, विटाळ नको म्हणून, त्यामुळं मला वाट आपोआप मिळाली. पाटापाशी गेले. पाने ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर हळदीचा एक टिपका. काका धावत आला, पण मला शिवता येईना, हातभर लांब थांबला. "हात नको लावू! वच्छे, सांगी ठेवस, हात नको लावू!"

"मी ते बाहेरनीच शे काका," मी म्हटलं. "तुमी उचलशात ते बाटशात. माले आखो काय बाटानं ऱ्हायनं?"

माय दारात आली होती. दोन्ही हातांवर मांडा पसरलेला, तो खाली ठेवता येईना आणि टाकता येईना. मी वाकले खरी, पण एवढ्या पान्यांत कुठला घेऊ ते मला त्या क्षणी सुचेना. सगळे माझ्याकडं बघत होते. कोण काय म्हणेल, मारेल, की नानाच म्हणतील, राहू दे पोरी.

बाजेवरून आवाज आला. "सतराना ली."

मी सतराचा पाना उचलला. बोटांना हळद लागली. ती घागऱ्याला पुसली, कारण हळदीनं हात सटकतो.

बोनेट उघडंच होतं. मी चाकावर पाय ठेवून वर चढले आणि डोकं आत घातलं. झेंडू, कुंकू, डिझेल, सगळा वास एकत्र. आधी दट्ट्या दाबला. तो हाताला टणक लागला, म्हणजे नळी भरलेली होती. पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला आणि परत दाबलं. फेस नाही, हवा नाही, साफ डिझेल बोटांवर आलं. मी ओरडून सांगितलं, "नाना, पंपलोंग ऊनं!" म्हणजे टाकी चांगली, फिल्टर चांगला, नळी चांगली. स्क्रू आवळला. मग पंपातून नोझलकडं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीकडं, जाते त्या नळीचा नट सतराच्या पान्यानं सैल केला आणि म्हटलं, सेल्फ मारा. काका हलेना. नानांनी आवाज चढवला. "दगा! मार!" काका वर चढला. घर्र घर्र. तिथं डिझेलची चिळकांडी उडायला पाहिजे होती. नळीचं तोंड कोरडं. एक थेंब नाही.

"नाना, पंपमा जास, पंपमाईन निंघत नही."

"पंप गया!" काका वरूनच म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, पण त्याचा त्याला दोष देत नाही मी. "मी पहिलेच सांगं व्हतं. पंप गया म्हणजे बठ्ठं गया." भंगारवाल्यानं खांद्यावरची साखळी खाली टाकली. तिचा आवाज माझ्या पाठीवर पडला. मी नानांकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांनाही तसंच वाटलं होतं. मलाही वाटलं असतं, मी खाली अंगणात उभी असते तर.

पण माझा हात अजून पंपावर होता. नानांनी मला पंपाला हात लावून बघायची सवय लावली होती, बैलाच्या पोटाला लावतात तसा, आत काय चाललंय ते कळायला. हाराखाली बोटं गेली. धागा लागला. धाग्याचे वेढे, ओले, कुंकवानं चिकट, एकावर एक गच्च. आणि त्या वेढ्यांत ती बारकी दांडी, स्टॉपरची. मी तिला पुढं लोटलं. हलली नाही. परत लोटलं. नाड्यानं तिला मागं, पंपाला आवळून धरलेलं होतं.

मला एकदम सगळं दिसलं. पहाटे विहिरीवरून आल्यावर काकानं स्टॉपर ओढला, दांडी मागं गेली. ती मागं असतानाच त्यानं पंपाला धागा बांधला. मग बोंडी लोटली, पण दांडी येणार कुठून? देवाच्या नावानं तिचे हात बांधले होते. मी खाली उतरले, दार उघडून स्टिअरिंगखालचा हार वर उचलला. बोंडी बाहेरच होती. आत लोटली की परत बोटभर बाहेर यायची. फुलांच्या आड कुणाला दिसणार?

मी परत पाटाकडं गेले आणि विळा उचलला. आता काकूनं किंकाळी फोडली, पण अडवायला कुणी आलं नाही. बोनेटात डोकं घालून ते वेढे एकेक कापले. शेवटचा तुटला तशी दांडी टक् करून पुढं आली. नाजूक आवाज, पण नानांनी बाजेवर ऐकला. मी बघितलं, त्यांनी डोळे उघडले. मग मी नळीचा नट आवळला. घाई केली नाही. काकाला म्हटलं, उतरा. तो उतरला, का उतरला त्यालाच माहीत. मी सीटवर बसले, फुलं बाजूला केली, बोंडी आत लोटली. ती आतच राहिली. बटण दाबलं.

घर्र, घर्र. एक खोकला. दुसरा. एका नळीत हवा होती, म्हणून गाडी आधी लंगडत पेटली, थडथड, थडथड, मग चारी पाय टेकल्यासारखी सरळ झाली. काळा धूर एवढा सुटला की कूड दिसेना, म्हैस दिसेना. बायांच्या दसऱ्याच्या साड्या, काकूचं तोंड, भंगारवाल्याचा पांढरा सदरा, सगळ्यांवर थोडा थोडा बसला. आणि त्या धुरातून नानांचा आवाज आला, भलता मोठा, पडल्यापासून ऐकला नव्हता असा.

"काया! वच्छे, काया शे!"

मागं उभं राहून धूर सांगायचं माझं काम होतं. त्या दिवशी ते त्यांनी केलं.

भंगारवाल्यानं साखळी गोळा केली. जाताना मला म्हणाला, "बाई, उद्या आमच्या गाडीचा पण विटाळ काढून द्या." मी म्हटलं, "धागे कमी बांधा, मग काढायची पाळी येणार नाही." लोक हसले, काका हसला नाही. त्यानं कापलेले धाग्याचे तुकडे वेचले आणि तुळशीत नेऊन टाकले. चूक झाली असं त्यानं त्या दिवशी म्हटलं नाही आणि पुढंही कधी म्हटलं नाही. काकूनं तर गाडी पेटली तरी बाटली ती बाटलीच असं ठरवलं. अंगणात गोमूत्र शिंपडलं, पाट धुतला, पाने धुतले. शेजारपाजारचं कुणी आमच्याकडं जेवायला थांबलं नाही. सोनं द्यायला येणारे दारावरून परत गेले. आपट्याची पानं टोपलीत तशीच सुकली.

मी गोणपाटावर परत जाऊन बसले होते. हात डिझेलनं काळे. माय मांडा घेऊन आली. मला वाटलं, नेहमीसारखा वरून ताटात टाकेल. ती माझ्यासमोर बसली, म्हणाली, "धर," आणि हातात दिला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. पांढऱ्या मांड्यावर माझे काळे ठसे उमटले. मी तो तसाच खायला लागले. तिनं पण बसून अर्धा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वेचणीचा कापूस धुळ्याला जिनिंगवर न्यायचा होता. नाना काकाला म्हणाले, वच्छी संगे येई. काका म्हणाला, अजून तिचे दिवस संपले नाहीत, मी तिच्या शेजारी सीटवर बसणार नाही. नाना काही बोलायच्या आत मी म्हटलं, नका बसू, मी वर बसते. आणि कापसाच्या ढिगावर चढले. गावातून गाडी गेली तेव्हा दारादारात लोक उभे होते आणि मी सगळ्यांच्या डोक्यावरून गेले. काही बायांनी तोंड फिरवलं. दोघी-तिघींनी फिरवलं नाही, त्यांची तोंडं मला आजही आठवतात. रोडवर आलो तसा वारा लागला. सोनगीरचा किल्ला मागं राहिला. कापूस अंगाला टोचत होता, पण मी खाली झोपले नाही, ताठ बसून राहिले, धुळ्यापर्यंत. त्यानंतर मी कधी बाहेर बसले नाही. सासरी पहिल्या महिन्यात सासूनं गोठा दाखवला, तेव्हा मी गोठा झाडून घेतला आणि चुलीपाशी जाऊन भाकर थापायला बसले. झालं भांडण. खूप झालं. भाकर मात्र सगळ्यांनी खाल्ली.

ती गाडी पुढं बरीच वर्षं चालली आणि मग एक दिवस आपली आपण म्हातारी होऊन थांबली. तेव्हा नानांनीच काकाला सांगितलं, आता ने. काकानं नरडाण्याला दुकान टाकलं, त्याचा चहा चांगला होता. नानांचे पाने माझ्याकडं आले. लुगड्याच्या गाठोड्यात बांधून सासरी आणले होते.

आता दसऱ्याला नातू त्याची पिकअप धुतो, नात हार आणते, मी बसल्या बसल्या कुठं काय बांधायचं ते सांगते. बोनेट उघडू देत नाही. पाटावर कोयता मांडतो, विळा मांडतो, दहाचा, बाराचा, चौदाचा, एकोणीसचा, सगळे पाने ओळीनं मांडतो. नात दरवर्षी विचारते, आजी, सतराचा कुठं गेला? ओळीत मधी जागा रिकामी दिसते. मी तो तिला देत नाही. तो माझ्या मांडीवर असतो, हळद न लावलेला. सगळ्या लोखंडाला सुट्टी दिली तरी त्याला मी देत नाही.